शब्द पाठ आहेत, तरी रिकामी जागा चुकते

प्रश्न : मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.ए. आता नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि बँकेच्या क्लार्क पदाच्या परीक्षेची तयारी करते. गणित, बुद्धिमत्ता बरी जमते. इंग्रजीत गाडी अडते. अप्पा बळवंत चौकातून शब्दांचं पुस्तक आणलं, रोज पन्नास शब्द अर्थासकट पाठ करते. मैत्रिणीने विचारलं की धडाधड अर्थ सांगते. पण टेस्ट सिरीजमधल्या रिकाम्या जागा आणि क्लोझ टेस्ट (सलग उताऱ्यातले गाळलेले शब्द भरायचे) निम्म्याहून जास्त चुकतात. शब्द ओळखीचे असून चुकतात याचं फार वाईट वाटतं. माझं मराठी माध्यम आडवं येतंय का? चुकलेले प्रश्न आणि वहीची काही पानं सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : वहीची पानं पाठवलीस हे फार चांगलं केलंस, कारण उत्तर त्यातच सापडलं.

तुझा एक चुकलेला प्रश्न घेऊ. ‘द बँक हॅज डिसायडेड टू ____ द लास्ट डेट फॉर अॅप्लिकेशन्स.’ पर्याय पाच : एक्स्टेंट, एक्स्पँड, एक्स्टेंड, एक्स्टेन्सिव्ह, एक्स्पेंड. तू ‘एक्स्पँड’ लिहिलंस. आता तुझ्या वहीत बघ. एक्स्टेंड म्हणजे वाढवणे. एक्स्पँड म्हणजे वाढवणे. त्याच पानावर खाली इन्क्रीज म्हणजे वाढवणे आणि रेझ म्हणजेही वाढवणे. चारही अर्थ बरोबर आहेत आणि चारही तुला परीक्षेत उपयोगाचे नाहीत. मराठीत आपण पगार वाढवतो, मुदत वाढवतो, धंदा वाढवतो, गाडीचा वेग वाढवतो आणि पानात भातही वाढतो. इंग्रजीत मुदतीला एक्स्टेंड लागतं, धंद्याला एक्स्पँड, वेगाला इन्क्रीज. रिकामी जागा नेमकं हेच तपासते : या शब्दाचं कोणाशी जमतं हे तुला माहीत आहे का. वहीत तू शब्द एकटा ठेवलास, म्हणून तो परीक्षेत सोबत्यांमध्ये ओळखू आला नाही.

माध्यमाचं म्हणशील, तर तो विचार डोक्यातून काढून टाक. नारायण पेठेतल्या माझ्या शनिवारच्या वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलंही बसतात आणि ‘डिस्कस अबाउट’ त्यांच्याकडूनही येतं. मराठी माध्यमामुळे काही चुका ठरावीक जागी होतात, एवढंच. आणि ठरावीक जागी होणारी चूक पकडायला सोपी असते. उदाहरणार्थ, ‘पेक्षा’ दिसलं की आपल्या डोक्यात ‘दॅन’ उभं राहतं. पण सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर आणि प्रिफर यांच्यापुढे ‘टू’ येतं. ‘शी’ म्हटलं की आपण ‘विथ’ टाकतो, पण लग्न ‘मॅरीड टू’ असतं. ‘च्याविषयी चर्चा’ म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ चिकटवतो, तिथे काहीच लागत नाही. कधीकधी मराठी मदतही करते : ‘वर अवलंबून’ आणि ‘डिपेंड ऑन’ अगदी जुळतं. मराठी जिथे फसवते त्या जागांचं एक वेगळं पान कर. महिनाभरात ते पान भरेल आणि मग त्यात फारशी भर पडणार नाही, कारण अशा जागा मोजक्याच आहेत.

आता पाठांतराबद्दल. रोज पन्नास हा आकडा सोडून दे. माणूस पाठ केलेलं कसं विसरतो याचे प्रयोग हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर करून १८८५ साली प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत विसरणं सर्वांत झपाट्याने होतं, पुढे वेग मंदावतो. म्हणून आज घेतलेला शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि महिन्याने परत समोर आला पाहिजे. रोज पन्नास नवे घेतलेस तर जुन्यांना वेळ कुठून देणार? आठ शब्द घे. प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य लिही, त्यात तो शब्द गाळ आणि पानाच्या मागे उत्तर लिही. शेजारी त्याचे सोबती लिही : एक्स्टेंडपुढे डेडलाइन, लोन, सपोर्ट. अर्थ शेवटी आणि तोही पेन्सिलीने. उजळणी म्हणजे वही वाचणं नव्हे. मागचं पान न उलटता जागा भरायची, मग उलटायचं. आठवायला जे कष्ट पडतात त्यांनीच शब्द टिकतो.

क्लोझ टेस्टचं थोडं निराळं आहे, त्यावर जरा सविस्तर लिहिते. ही पद्धत १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने मांडली ती मुळात विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला नव्हे, तर एखादा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे ते मोजायला. मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळायचे आणि वाचणाऱ्याला ते किती भरता येतात ते बघायचं. म्हणजे तिच्या मुळाशी शब्दसंग्रह एकटा नाही, मजकुराचा ओघ आहे. तू काय करतेस, पहिली जागा आली की थांबतेस आणि पर्याय बघतेस. तसं करू नकोस. आधी सगळा उतारा जागा रिकाम्या ठेवूनच एका दमात वाच. लेखक तक्रार करतोय, कौतुक करतोय की नुसती माहिती देतोय, एवढं कळलं तरी पुष्कळ. ‘हाउएव्हर’ कुठे आहे ते बघ, तिथे सूर बदलतो.

मग जागेपाशी ये, पण पर्याय तळहाताने झाक. जागेला काय हवंय ते ठरव : नाम, क्रियापद, विशेषण की वाक्यं जोडणारा शब्द? वरच्याच प्रश्नात जागेआधी ‘टू’ आहे आणि पुढे ‘द लास्ट डेट’. म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप हवं. एक्स्टेंट नाम आहे, एक्स्टेन्सिव्ह विशेषण, दोन्ही अर्थ न बघताच बाद. उरले तीन. एक्स्पेंड म्हणजे खर्च करणे, तारीख कोणी खर्च करत नाही. दोन राहिले आणि तिथे वहीतले सोबती कामाला येतात. ‘ऑलदो’ आणि ‘डिस्पाइट’चंही असंच : पुढे कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य असेल तर ऑलदो, नुसतं नाम किंवा आयएनजी रूप असेल तर डिस्पाइट. दोघांचा अर्थ सारखाच, तरी निर्णय पुढच्या शब्दाने लागतो.

सरावाला विकतच्या उताऱ्यांपेक्षा स्वतः तयार केलेले जास्त कामाचे. अभ्यासिकेत इंग्रजी वर्तमानपत्र येतच असेल, नाहीतर पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात बसून वाच. ती संस्था १८४८ पासून चालू आहे. अग्रलेखातला एक परिच्छेद वहीत उतरव. पहिलं वाक्य अख्खं ठेव, पुढे दर सातवा शब्द गाळून रेघ मार. दोन दिवस त्याकडे बघू नकोस. मग भर आणि मूळ मजकुराशी ताडून बघ. रूममेटही तयारी करत असेल तर एकमेकींना उतारे काढून द्या, ते आणखी बरं. आता खरं काम : चुकांचे तीन रकाने कर. एकात ए, द, इन, ऑन असले छोटे शब्द. दुसऱ्यात क्रियापदाची रूपं. तिसऱ्यात अर्थाचे शब्द. दर सातवा शब्द गाळला की छोटे शब्द आपोआप जास्त सापडतात आणि बहुतेक मुलामुलींचा पहिला रकाना तिसऱ्याहून लांब निघतो. तुझाही तसाच निघाला तर शब्दांचं पुस्तक महिनाभर मिटून ठेव. तुझं दुखणं तिथे नाहीच.

वेळेचं गणितही बघ. प्रिलिमला, म्हणजे तुझ्या पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न, ३० गुण आणि २० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. त्यात लांब उताऱ्यावरचे प्रश्नही आले. रिकाम्या जागा २० सेकंदांत सुटल्या तर उताऱ्याला वेळ उरेल. चुकीला पाव गुण कापला जातो. पाच पर्यायांत डोळे मिटून ठोकलंस तर पाच प्रश्नांत सरासरी एक बरोबर, चार चूक, म्हणजे एक मिळाला आणि एक गेला. हाती शून्य. पण दोन पर्याय खात्रीने बाद करून उरलेल्या तिनांतून निवडलंस, तर अशा तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर आणि दोन चूक : अर्धा गुण पदरात. म्हणून ‘येत नाही, सोडून दे’ असा सरसकट नियम करू नकोस. निदान दोन पर्याय बाद झाले का, हे बघून ठरव.

आणि वाक्यं मोठ्याने म्हणत जा. अभ्यासिकेत आवाज करता येत नाही, तर संध्याकाळी गच्चीवर जा. ‘डिपेंड’च्या मागून ‘ऑन’ तोंडातून आपसूक बाहेर पडलं पाहिजे. महिन्याभराने तुझे तीन रकाने मला पुन्हा पाठव. मला ते खरंच बघायचे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. इंग्रजीचे शब्द तिच्या लक्षात राहत नाहीत. रोज दहा शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतो, तर हल्ली वही काढली की रडते. मला स्वतःला इंग्रजी जेमतेम येतं, त्यामुळे शिकवता येत नाही.
– एक पालक, धायरी

उत्तर : दहा वेळा लिहिणं आजपासून बंद करा. तिसऱ्या वेळेपासून हात चालतो आणि मन दुसरीकडे असतं. रडू येईल इतकं तर नकोच, त्या विषयाची भीती बसली की ती वर्षानुवर्षं जात नाही.

तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. तिचं पाठ्यपुस्तक आहे, उत्तरं त्यात छापलेली आहेत. झालेल्या धड्यातली पाच-सहा वाक्यं निवडा आणि प्रत्येकातला एक शब्द गाळून कागदावर उतरवा. तिने भरायचे, तुम्ही पुस्तकात बघून तपासायचे. दुसऱ्या दिवशी उलट : तिने जागा काढायच्या, तुम्ही भरायच्या. तुम्ही चुकलात की ती तुम्हाला समजावून सांगेल आणि तिचा खरा अभ्यास त्याच वेळी होईल. कोणता शब्द गाळला तर बाबा अडतील, याचा विचार करताना ती वाक्य चारदा वाचते.

तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यात भाषाभ्यासात शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हं द्या, शब्दसाखळी पूर्ण करा असे प्रश्न येतात. शब्दसाखळी तर जेवताना खेळता येते. टेबल, ईगल, एलिफंट, टायगर. स्पेलिंगच्या शेवटच्या अक्षरावर लक्ष आपोआप जातं. रोज पंधरा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त ताणू नका.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका रुग्णालयात नर्स आहे, वय ३४. परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. लिसनिंगमधल्या रिकाम्या जागांत ऐकलेलं कळतं, पण लिहीपर्यंत पुढचं निघून जातं. ड्युटी पाळ्यांची, त्यामुळे क्लास जमत नाही.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमची परीक्षा वरच्या बँकवाल्या मुलीच्या परीक्षेपेक्षा दोन बाबतींत वेगळी आहे. लिसनिंगचे ४० प्रश्न असतात, ध्वनिफीत एकदाच ऐकवतात आणि रिकाम्या जागांना पर्याय दिलेले नसतात. शब्द तुम्हाला स्वतः लिहायचा असतो, स्पेलिंग चुकलं तर गुण नाही. मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

पुढचं निघून जातं, कारण तुम्ही ऐकल्यावर विचार सुरू करता. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. त्यात जागेशेजारी खूण करा : इथे आकडा, इथे नाव, इथे अनेकवचन. कान मग तेवढ्याचीच वाट बघतात. सूचनेत दोनपेक्षा जास्त शब्द नकोत असं असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो. ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात.

पहिल्या भागात बहुधा फोनवरची चौकशी, फॉर्म भरणं असं असतं. नाव अक्षर-अक्षर सांगतात. आपल्याकडे जी आणि जे, ए आणि ई इथे घोटाळा होतो, तसाच थर्टीन आणि थर्टीमध्ये. थर्टीनमध्ये जोर शेवटी पडतो, थर्टीत सुरुवातीला. ड्युटीवरच्या मैत्रिणीला दहा आडनावं आणि दहा फोन नंबर इंग्रजीत वाचायला सांगा आणि एकदाच ऐकून लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, चहाच्या सुट्टीत होतं. स्पेलिंगची वेगळी यादी ठेवा : अकोमोडेशनमध्ये सी दोन आणि एमही दोन. एक्विपमेंट, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज यांना शेवटी एस लावायचा नाही. वॉर्डात हे शब्द रोज तुमच्या तोंडी असतील, आता हाताने लिहून बघा. रात्रपाळी करून आलात त्या दिवशी सराव परीक्षा सोडवू नका. झोप घ्या आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने पूर्ण ४० प्रश्न मध्ये न थांबता सोडवा.