स्वस्तात मिळालेला समुद्र सोलापुरात पोसायला किती लागतो?

प्रश्न: मी ३७ वर्षांचा. जुळे सोलापूरमध्ये दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट आहे. माझा आणि बायकोचा मिळून हातात येणारा पगार ८२ हजार. गृहकर्जाचा हप्ता २३,५००, घरखर्च, मुलीची शाळा आणि विमा धरून ३६ हजार, एसआयपी १० हजार. एफडी १ लाख ६० हजारांची आहे, त्यापलीकडे शिल्लक नाही. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय. पुण्यातले एक गृहस्थ परदेशी चालले आहेत. त्यांचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळांची टाकी (चार बाय दोन बाय दोन फूट, खाली पाणी गाळायची दुसरी टाकी म्हणजे संप, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, दोन एलईडी लाइट, पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर, पाणी थंड ठेवणारा १/१० एचपीचा चिलर, शिवाय आतली जिवंत प्रवाळं) ते ८५ हजारांना देतायत. नवा अडीच लाखांना पडला होता म्हणे. प्रवाळाचे तुकडे विकून महिन्याचा खर्च निघेल असा माझा अंदाज आहे. एप्रिलमध्ये टँक हलवावा लागेल. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? बायको म्हणते, एफडीला हात लावायचा नाही.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५९,५०० रुपये लागतात. एफडी म्हणजे जेमतेम पावणेतीन महिन्यांची सोय, तीही दोघांच्या नोकऱ्या एकाच वेळी अडचणीत आल्या तर पुरणार नाही. त्यातले ८५ हजार काढले की उरले ७५ हजार, म्हणजे पाच-सहा आठवडे. पर्सनल लोनबद्दल तर बोलायलाच नको. आजारपणाला किंवा फीला कर्ज काढणं मी समजू शकतो, छंदाला नाही. तेव्हा एफडी की कर्ज, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही नाही असंच आहे. पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीच, कारण हा व्यवहार ८५ हजारांवर थांबत नाही.

आधी सुरुवातीचा खर्च बघू. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. बारा एमएमच्या काचेची टाकी टेम्पोत नीट बांधून आणायची, दुसऱ्या मजल्यावर माणसं लावून चढवायची, यात ८-९ हजार जातात. पाण्यातले क्षार काढून ते शुद्ध करणारा आरओ-डीआय फिल्टर ९ हजार. पहिल्यांदा साडेचारशे लिटर पाणी खारं करायला लिटरमागे ३६ ग्रॅम या हिशेबानं १६ किलो मीठ लागेल. स्वयंपाकघरातलं मीठ इथं चालत नाही. मरीन सॉल्टचा किलोचा दर मी ३५० रुपये धरतो, म्हणजे ५,६०० रुपये झाले. आणि मग चिलर.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण पुण्याचा हिशेब सोलापूरला लागू पडत नाही. प्रवाळांना पाणी २५-२६ अंश लागतं. ते ३० च्या आसपास जाऊन तिथंच राहिलं, तर ती पांढरी पडून मरायला लागतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२-४३ असतं आणि स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. पाण्यावर पंखे लावून बाष्पीभवनानं दोन-चार अंश उतरवता येतात, आपली हवा कोरडी असल्यानं हा उपाय इथं चांगला चालतोही. पण ३५ वरून ३२ वर आणून प्रवाळ वाचत नाही. १/१० एचपीचा चिलर शे-सव्वाशे लिटरला ठीक आहे. साडेचारशे लिटरला सोलापुरात तो दिवसभर धापा टाकत चालेल आणि तरी तापमान उतरणार नाही. १/४, खरं तर १/३ एचपीचा घ्यावा लागेल, त्याचे ४० हजार धरा. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता त्याच खोलीत बाहेर फेकतो, म्हणजे हॉल आणखी तापणार. मग एसीचा विषय निघेल. तो मी हिशेबात धरलेला नाही, पण घरात तो निघणारच.

हे सगळं मिळून ८५ चे दीड लाखाच्या घरात जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. पण मसाला तरी एकदाच लागतो. इथं दर महिन्याला लागणार.

वीज घ्या. लाइट, संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, स्किमर आणि वेव्हमेकर मिळून महिन्याला ११० च्या आसपास युनिट होतात. लाइट सोडला तर यातलं काहीच रात्री बंद करता येत नाही. मोठा चिलर मार्च ते जून दरमहा आणखी दीडशे युनिट खाईल, पावसाळ्यात ७०, थंडीत जवळपास काही नाही. उन्हाळ्यात कूलर धरून तुमचं घरचं बिल दोनशे युनिटच्या पुढं जात असणार. त्यावर हे २६० चढले की तुम्ही महावितरणच्या ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जाता, आणि तिथला दर खालच्यापेक्षा बराच जास्त आहे. सगळे आकार धरून सरासरी १४ रुपये युनिट धरलं, तर वर्षाचे ३१ हजार होतात, म्हणजे महिन्याला २,६००.

मीठ: पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी महिन्याला सव्वातीन किलो, ११५० रुपये. फिल्टरचे मेम्ब्रेन आणि रेझिन ५००. बोअरच्या जड पाण्यावर चालवलंत तर हे लवकर संपतात. खाद्य, टेस्ट किट, प्रवाळांसाठी पाण्यात घालायची कॅल्शियम-अल्कलिनिटीची द्रावणं १२००. पंप आणि लाइट जुने आहेत, ते आज ना उद्या जाणार, त्यासाठी १५०० बाजूला. बेरीज केली की सात हजारांच्या आत-बाहेर. तुमच्या हातात सगळं जाऊन महिन्याला साडेबारा हजार उरतात. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एका टाकीत जाईल, आणि गृहकर्ज कधीतरी फिटतं, हा हप्ता टँक आहे तोवर चालूच राहतो.

हेच सात हजार एसआयपीत टाकले असते तर पाच वर्षांत किती झाले असते, असा तक्ता मी तुम्हाला देणार नाही. तो हिशेब लावला तर माणसानं कुत्रासुद्धा पाळू नये. छंदाला पैसे लागतात. फक्त ते उरलेल्यातून जावेत आणि आपल्याला माहीत असावेत.

पाण्याचंही बघा. उन्हाळ्यात चार फुटी टाकीतून रोज पाच-सात लिटर पाणी सहज उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओ-डीआयच्याच पाण्यानं. पाणी बदलायचं धरून महिन्याला तीनशे लिटर शुद्ध पाणी लागेल, आणि असा फिल्टर एका लिटरमागे तीनेक लिटर वाया घालवतो. म्हणजे हजार लिटरच्या वर. उजनीचं पाणी ज्या गावात काही दिवसांआड येतं आणि सोसायटीच्या टाकीवरून भांडणं होतात, तिथं हे शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणार नाही. वाया जाणारं पाणी लादी पुसायला, झाडांना वापरा, पण हिशेबात धरा. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर रिटर्न पंप आणि वेव्हमेकर ओढेल. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो, तो बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना झेपत नाही.

वजन तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पाणी, काच, दगड, स्टँड आणि संप धरून ही वस्तू ६५० ते ७०० किलोंची आहे, आणि ती आठ चौरस फुटांवर उभी राहणार. घराच्या खोल्यांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोंच्या हिशेबानं डिझाइन केलेले असतात. याचा अर्थ स्लॅब कोसळेलच असा नाही. बीमला लागून, भिंतीशी ठेवल्यावर फरक पडतो. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नका, त्याची फी टँकच्या खर्चातच धरा.

आता कमाईचा भाग. तो रकाना शून्य करा. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आणि पंख्याच्या आकाराची सी फॅनसुद्धा २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. त्यांची विक्री तर नाहीच, नुसतं बाळगणंही गुन्हा ठरतो, आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची कैद आहे. परदेशातून रीतसर आणलेलं प्रवाळ असेल तर आयातीचे आणि नोंदणीचे कागद हवेत. त्या गृहस्थांकडे ते आहेत का, विचारा. ‘सगळेच ठेवतात हो’ असं उत्तर आलं, तर प्रवाळं त्यांच्याकडेच राहू द्या, फुकट दिली तरी घेऊ नका. लाइव्ह रॉक म्हणून जो दगड देतात तोही पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी सिरॅमिकचे दगड घ्या. क्लाउनफिशसारखे मासे टाकीत पैदास केलेले मिळतात, त्यांच्यावर सुरुवात झकास होते.

म्हणजे काहीच घेऊ नका का? तसं नाही. जुन्या सामानात खरंच फायदा असतो, फक्त आख्खा टँक उचलायच्या भरीला पडू नका. ‘अडीच लाखांना पडला होता’ हे वाक्य विसरा. त्यांनी काय मोजले याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी मागा. मोटर किंवा कॉम्प्रेसर असलेल्या वस्तूला आजच्या नव्या भावाच्या निम्म्याहून जास्त मी देणार नाही.

दोन बाय दीड बाय दीड फुटांची नवी टाकी सव्वाशे लिटरची होते. सगळं धरून वजन दोनशे किलोंच्या आसपास, आणि महिन्याचा खर्च अडीच-तीन हजारांत बसतो. गंमत म्हणजे मोठ्या टाकीला न पुरणारा तो १/१० चा चिलर हिला बरोबर मापाचा आहे. तेव्हा त्यांच्याकडून चिलर, एक लाइट, स्किमर आणि एक वेव्हमेकर एवढंच मागा. २५ हजारांपर्यंत जमलं तर सौदा चांगला.

घ्यायच्या आधी सामान चालू असताना पुण्याला जाऊन बघा, धुऊन-पुसून खोक्यात भरलेलं बघू नका. चिलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. फरक दिसला नाही तर गॅस संपला असण्याची शक्यता आहे. स्किमरच्या पंपाचा आवाज कान लावून ऐका, खरखर आली तर आतलं फिरणारं पातं, म्हणजे इम्पेलर, झिजलेलं असू शकतं. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध कधी टाकलं होतं का, हे आवर्जून विचारा. तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं, आणि पुढं कोळंबी-गोगलगायी आत सोडल्या की मरतात. म्हणून त्यांचे दगड आणि वाळू कोरडे दिले तरी नकोत. तरीही मोठी टाकी घ्यायचा मोह झालाच, तर कोपऱ्यांतलं सिलिकॉन नखानं दाबून बघा. सुटत असेल, आत बुडबुडे दिसत असतील, तर ती टाकी दुसऱ्या मजल्यावर नेऊच नका, खालच्या फ्लॅटचं फर्निचर तुमच्या डोक्यावर येईल.

आता वेळेचं. नव्या टाकीत उपयोगी जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. एप्रिलमध्ये टाकी मांडली तर पहिले मासे ऐन मे महिन्यात येतील. यापेक्षा वाईट मुहूर्त सोलापुरात नाही. सामान आत्ता घेऊन ठेवायचं असेल तर त्याचे २५ हजार एफडीतून नकोत. दोन महिन्यांच्या उरलेल्या साडेबारा हजारांतून ते निघतात. ते गृहस्थ दोन हप्त्यांत द्यायला तयार असतील तर ठीक, नसतील तर सोडून द्या, परदेशी जाणारे आणखी भेटतील.

टाकी दसऱ्यानंतर मांडा. तोवर, सामानाचे पैसे फिटल्यापासून, दरमहा तीन हजारांची आरडी लावा आणि तो टँकचाच खर्च आहे असं समजून वागा. एखाद्या महिन्यात ती भरताना ओढाताण झाली, तर कोणत्या महिन्यात आणि कशामुळे, ते लिहून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये मला कळवा.