गवताची कांडी रुजवताना: आधी ऊब की आधी प्रकाश?

प्रश्न : जांभळ्या पानांच्या शोभिवंत फाउंटन गवताच्या कांड्या मी कोकोपीट आणि परलाइटच्या मिश्रणात लावल्या आहेत. ट्रे दाट सावलीत आहेत, पाण्याचा बारीक फवारा ठरावीक वेळाने सुरू होतो आणि हवेचे तापमान 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तीन आठवडे झाले, तरी मुळांचा पत्ता नाही. पाने हिरवट पडली आहेत आणि काही कांड्या तळाशी काळ्या पडत आहेत. आता प्रकाश वाढवावा की ऊब?

उत्तर : आधी ऊब वाढवा, प्रकाश त्यानंतर, तोही टप्प्याटप्प्याने.

आपण दिलेले तापमान हवेचे आहे आणि बहुधा खरी अडचण तिथेच आहे. फवाऱ्याचे पाणी पानांवरून आणि माध्यमाच्या (म्हणजे ट्रेमधल्या मिश्रणाच्या) पृष्ठभागावरून सतत उडून जात असते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे हवा 25 अंशांवर असली तरी ट्रेमधले मिश्रण तिच्यापेक्षा काही अंशांनी गार राहते. हे गवत उष्ण हवामानातले आहे. कांडीच्या पेराजवळ नवीन मुळे फुटायची तर तिथल्या पेशींचे विभाजन जोमाने व्हावे लागते, आणि गार, ओल्या माध्यमात ते मंदावते. कांडी तशीच पडून राहते आणि कुजवणाऱ्या बुरशीला आयता वेळ मिळतो. म्हणून तापमापकाची सळई मिश्रणात, कांडीचे तळटोक असते त्या खोलीपर्यंत खोचा आणि पहाटे तसेच फवारा थांबल्यावर लगेच नोंद घ्या. ही नोंद 22 ते 26 अंशांच्या दरम्यान असावी. त्यासाठी ट्रेखाली तापणारी चटई घालायची असल्यास तिच्या नियंत्रकाचा संवेदक मिश्रणातच ठेवा, हवेत टांगू नका. चटईमुळे मिश्रण खालून सुकते आणि वरून मात्र ओले दिसते, म्हणून अधूनमधून बोटाने तळ तपासावा. माध्यम 30 अंशांपलीकडे जाऊ देऊ नये. त्या उष्णतेत पेशींना प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी विरघळतो, त्यामुळे कुजण्याचा धोका पुन्हा वाढतो.

आता प्रकाशाविषयी. मुळे नसलेली कांडी पाणी फारच थोडे ओढू शकते, त्यामुळे सुरुवातीला तिला कडक उन्हापासून जपणे योग्यच आहे. पण दाट सावलीत ती स्वतःपुरते अन्नही तयार करू शकत नाही, आणि मुळे घडवायला लागणारी साखर त्या अन्नातूनच येते. पहिल्या आठवड्यात दिवसभरात मिळून चौरस मीटरला सुमारे 5 मोल (मोल हे प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक) आणि पेराशी मुळांची पांढरी टोके दिसू लागल्यावर 10 मोलच्या आसपास प्रकाश द्यावा, असे मी सुचवीन. चौरस मीटरला दर सेकंदाला 100 मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग) प्रकाश 14 तास मिळाला की 5 मोल भरतात, 200 मायक्रोमोल मिळाला की 10. आपल्याकडे केवळ लक्समापक, म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड लक्समध्ये मोजणारे उपकरण असेल, तर सूर्यप्रकाशात 100 मायक्रोमोल म्हणजे साधारण 5,400 लक्स धरावेत. कृत्रिम दिव्यांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

प्रकाश वाढवताना पानांकडे बारकाईने पाहा, कारण गवत आपली तहान फार स्पष्टपणे दाखवते. पाणी कमी पडले की पान लांबीच्या दिशेने गुंडाळून सुरळीसारखे होते. दुपारी वळलेले पान संध्याकाळी पुन्हा उलगडत असेल, तर दुपारपुरती सावली किंवा फवारा वाढवल्याने भागते. सकाळीच ते वळलेले दिसले, तर मात्र कांडी हलकेच उपसून तळ पाहावा; तो बहुधा कुजलेला असतो आणि अशी कांडी लगेच काढून टाकलेली बरी. पानांच्या हिरवेपणाची चिंता करू नये. जांभळा रंग भरायला प्रखर प्रकाश लागतो, आणि मुळे धरल्यावर रोप उन्हात नेले की नवीन पाने गडद येतात.

पुढच्या खेपेला कांडी निवडतानाही काळजी घ्यावी. तुरा न आलेल्या फुटव्याची, टणक डोळा असलेली कांडी घ्यावी, तिची पाने निम्मी छाटावीत आणि पेर मिश्रणाखाली जाईल अशा बेताने ती लावावी. तुऱ्याकडे वळलेल्या दांड्याच्या वरच्या पेरांवर मेहनत घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सगळीच शोभिवंत गवते अशी कांडीपासून करता येतात का?

उत्तर : नाही. जांभळ्या फाउंटन गवताला रुजणारे बी सहसा धरत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हा मार्ग मोलाचा ठरतो. नेपियर गवताच्या रंगीत जातींनाही तो चांगला मानवतो, कारण त्यांचे दांडे उसासारखे पेरेदार असतात. ज्या गवतांची पाने जमिनीलगतच्या ठोंबातून निघतात आणि दांडा केवळ तुऱ्यापुरता वर येतो, त्यांचा ठोंब विभागणेच इष्ट. उन्हाळी वाढीच्या जातींचे विभाजन नवीन फुटवे दिसू लागताच करावे आणि प्रत्येक तुकड्याला मुळे व निदान काही जिवंत कोंब राहतील, हे पाहावे.