रंग दिल्यावर भिंतीवर पट्टे दिसतात. पेंटरचा हात वाईट की रंगाचा माल वाईट?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. घरमालकाची घाई. मी परभणीत रंगकाम करतो, म्हणून ठणकावून सांगतोय.

तुमचे पट्टे म्हणजे जोड. रोलरची एक पट्टी ओली असतानाच दुसरी तिला भिडली तर दोन्ही एकजीव होतात. वाळल्यावर भिडली तर तेवढ्या जागी थर दुप्पट बसतो आणि खिडकीचा तिरपा उजेड पडला की उघडा पडतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या पुढं, म्हणून रंग लगेच वाळतो. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी तळहात टेकवून बघा, मग पेंटरला बोला.

आमच्या आत्याच्या मालकांनी, म्हणजे मामांनी, पोरीच्या लग्नासाठी हॉल रंगवायला काढला तो ऐन मेमध्येच. मी दोन माणसं मागितली. एकानं ब्रशनं कडा मारायच्या, दुसऱ्यानं लगोलग मागून रोलर. मामा म्हणाले, "घरचंच काम हाय, एकट्यानं होतंय की. दुसऱ्याची हजेरी कशाला?" वर लवकर वाळावं म्हणून पंखा, कूलर दोन्ही चालू. मी बंद करायचो, ते पुन्हा लावायचे. कडा मारून रोलर हातात घेईपर्यंत कडा सुकलेल्या. व्हायचं तेच झालं. छताखाली आणि कोपऱ्यांत दोन बोटं रुंद चौकट उमटली, फोटोच्या फ्रेमसारखी. व्याह्यांना ती दिसलीही नसती, पण मामांनीच बोट लावून दाखवली, "आमच्या भाच्याचा हात हा!" मजुरीतले पैसे कापले ते वेगळेच.

तर रंगवायला सकाळी लवकर घ्या, पंखे बंद ठेवा. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एका दमात संपवा, मध्ये चहा नाही. एकाच शेडच्या दोन डब्यांत थोडा फरक निघतो, म्हणून सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पुट्टी घासून झाल्यावर प्रायमर मारलाच पाहिजे, नाहीतर पुट्टीची जागा रंग पिऊन बसते. पट्टा दिसला म्हणून तेवढ्यावरच ब्रश फिरवू नका, अख्ख्या भिंतीला पुन्हा हात द्या. आणि दोन माणसांची हजेरी द्या. हे मुद्दाम लिहितोय, मामांचा थोरला इथं वाचत असतो.

हां, प्लास्टर नवं असेल आणि 28 दिवस व्हायच्या आत रंगवलं असेल, किंवा भिंतीमागं बाथरूमची ओल असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथं सरळ पट्टे नसतात, वेडेवाकडे डाग असतात. आधी ओल काढा. चकचकीत फिनिश घेतला असेल तर भिंतीचा प्रत्येक खड्डाही दिसणार, त्यापेक्षा मॅट घ्या.