मोसमाच्या मध्यावर खचणारी बचावफळी : एनएफएलविषयी वाचकांचे प्रश्न

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा नियमित मोसम अठरा आठवड्यांचा आणि प्रत्येक संघाच्या १७ सामन्यांचा. नववा आठवडा आला की दुखापतींच्या याद्या लांबतात, खेळाडूंची अदलाबदल होते, आणि सप्टेंबरमध्ये भक्कम वाटणारे बचाव डिसेंबरात तीस-चाळीस गुण देऊ लागतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच आठवड्यांबद्दल आहेत.

प्रश्न : २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा कडेचा रशर (चढाई करणारा बचावपटू) एडन हचिन्सन सहाव्या आठवड्यात जायबंदी झाला. तरी संघ १५-२ वर (१५ विजय, २ पराभव) पोचला आणि मग पहिल्याच प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात वॉशिंग्टनने त्यांच्यावर ४५ गुण चढवले. हचिन्सन नसल्यानेच बचाव कोसळला म्हणावं, तर मधले दोन महिने तो टिकला कसा?

१३ ऑक्टोबर २०२४ ला डॅलसविरुद्ध हचिन्सनच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. तोवर पाच सामन्यांत त्याचे साडेसात सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, पाडणं) झाले होते. पण सॅकपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यामुळे मागच्या खेळाडूंना मिळणारी मोकळीक. मैदानात बचावाचे अकरा जण. चौघांच्या चढाईतच क्वार्टरबॅकवर दडपण आलं, तर पास रोखायला सात उरतात. पाच धाडले तर सहा उरतात : पास घेऊ शकणाऱ्या पाच जणांवर एकेक माणूस आणि खोलवर एकच सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू). सहा धाडले तर पाचांवर पाच, मागे कोणी नाही. हचिन्सन असताना चौघांत भागत होतं. तो गेल्यावर तेवढंच दडपण आणण्यासाठी बचाव-समन्वयक एरन ग्लेन यांना वारंवार ब्लिट्झ (चौघांपेक्षा जास्त जणांची चढाई) करावा लागला आणि मागच्यांना मॅन कव्हरेजमध्ये (एकावर एक पहाऱ्यात) एकटं सोडावं लागलं.

तरीही तो टिकला, कारण एकटं सोडण्याजोगी माणसं तेव्हा धडधाकट होती. कॉर्नरला, म्हणजे कडेच्या रिसीव्हरवर (पास घेणाऱ्यावर) पहारा ठेवायला, कार्लटन डेव्हिस, मागे ब्रायन ब्रँच आणि कर्बी जोसेफ. जोसेफने त्या मोसमात नऊ इंटरसेप्शन घेतले (प्रतिस्पर्ध्याचे पास मधेच झेलले), लीगमध्ये सर्वाधिक. मधोमध अलीम मॅकनील होता. कडेचा रशर वळसा घालून येतो, तेव्हा क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून सुटतो. मॅकनीलसारखा मधला खेळाडू (टॅकल) समोरून रेटत आला की ती पुढची जागाच उरत नाही. शिवाय लायन्सचं आक्रमण एवढे गुण करत होतं (जॅक्सनव्हिलला त्यांनी ५२-६ ने हरवलं), की प्रतिस्पर्ध्याला रन (चेंडू घेऊन धावणं) सोडून पासवरच यावं लागे आणि ब्लिट्झ कधी करायचा हे ठरवणं सोपं होई.

१५ डिसेंबरला बफेलोविरुद्ध हे गणित मोडलं. मॅकनीलच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला, डेव्हिसचा जबडा मोडला, आणि सामना ४८-४२ ने गेला. मॅन कव्हरेजमध्ये बचावपटूची पाठ क्वार्टरबॅककडे असते. त्यामुळे समोर बफेलोच्या जॉश ॲलनसारखा धावणारा क्वार्टरबॅक असेल, तर ब्लिट्झच्या पहिल्या रांगेतून तो निसटला की त्याला अडवायला कोणी वळून पाहत नाही. त्या दिवशी दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) ॲलनने स्वतः धावून केले. ५ जानेवारीला मिनेसोटाला मात्र याच आक्रमक पद्धतीने फक्त नऊ गुण मिळू दिले. तिथला क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड धावण्यापेक्षा ‘पॉकेट’मध्ये, म्हणजे आपल्या रक्षकांच्या आडोशाला, उभं राहून फेकणारा. १८ जानेवारीला समोर वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स आला, म्हणजे पुन्हा धावणारा, आणि निकाल ४५-३१ लागला.

त्या ४५ पैकी सगळे बचावाच्या खात्यावर टाकू नका. लायन्सच्या आक्रमणाने त्या दिवशी पाच वेळा चेंडू गमावला आणि त्यातला एक इंटरसेप्शन वॉशिंग्टनने थेट टचडाउनपर्यंत नेला. आमच्या मते हचिन्सनची उणीव संघाला झेपली होती. त्यावर मॅकनील आणि डेव्हिस एकाच दुपारी गेले, ते झेपलं नाही.

प्रश्न : हचिन्सनच्या जागी लायन्सनी झडेरियस स्मिथला अगदी स्वस्तात घेतलं. २०२५ मध्ये मात्र कोल्ट्सनी सॉस गार्डनरसाठी दोन पहिल्या फेरीच्या निवडी (नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधले हक्क) दिल्या. एवढी तफावत का?

कारण दोघांनी विकत घेतलेली वस्तूच वेगळी होती. ५ नोव्हेंबर २०२४ ला लायन्सनी क्लीव्हलंडला २०२५ ची पाचव्या फेरीची आणि २०२६ ची सहाव्या फेरीची निवड दिली. बदल्यात स्मिथ आणि २०२६ ची सातव्या फेरीची निवड आली. स्मिथ तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि गरज होती ती त्याच मोसमापुरती. पुढच्या मार्चमध्ये लायन्सनी त्याला मोकळंही केलं. गार्डनर पंचविशीतला कॉर्नर, त्याच वर्षी वाढवलेल्या लांब करारासकट आलेला. कोल्ट्सनी न्यूयॉर्क जेट्सना २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि रिसीव्हर ॲडोनाय मिचेल दिला, कारण गार्डनर त्यांना पुढच्या अनेक मोसमांसाठी हवा होता. त्याच दिवशी डॅलसने जेट्सकडूनच मधला टॅकल क्विनन विल्यम्स घेतला : २०२७ ची पहिली फेरी, २०२६ ची दुसरी फेरी आणि बचावपटू मॅझी स्मिथ देऊन. ऑगस्टमध्ये रशर मायका पार्सन्सला ग्रीन बेला दिल्यावर बचावाच्या पुढच्या फळीत जे भगदाड पडलं, ते बुजवण्याची ही किंमत.

पगाराचा हिशेबही पाहायला हवा. मूळ पगार मोसमाच्या अठरा आठवड्यांत हप्त्याहप्त्याने मिळतो. तो ९० लाख डॉलर असेल, तर हप्ता पाच लाखांचा. नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी सौदा झाला, तर उरलेले नऊ हप्ते, म्हणजे ४५ लाख, नवा संघ देतो. करारावर सही करताना दिलेल्या बोनसचा राहिलेला हिस्सा मात्र जुन्या संघाच्याच पगार-मर्यादेत पडून राहतो. विकणारा संघ पगाराचा भार स्वतः उचलून निवडीची किंमत वाढवूही शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेन्व्हरने रशर फॉन मिलरच्या पगारातल्या उरलेल्या सुमारे ९७ लाख डॉलरपैकी ९० लाख स्वतः भरले आणि लॉस एंजेलिस रॅम्सकडून दुसऱ्या व तिसऱ्या फेरीची निवड मिळवली. रॅम्सनी त्या मोसमाचा सुपर बोल (अंतिम सामना) जिंकला, आणि त्या सामन्यात मिलरचे दोन सॅक होते.

सौदा जाहीर झाला म्हणजे पक्का झाला असं नाही, हेही ध्यानात ठेवा. नव्या संघाच्या डॉक्टरांच्या तपासणीत खेळाडू नापास झाला तर सौदा रद्द होतो.

प्रश्न : एखादा खेळाडू तीन आठवडे नुसता ‘आउट’ असतो, दुसऱ्याला लगेच इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जायबंदींच्या वेगळ्या यादीत) टाकतात. संघ हे कसं ठरवतो?

जागेच्या हिशेबाने. मुख्य यादी ५३ जणांची. त्यातून सामन्याच्या दिवशी ४८ जण गणवेशात उतरू शकतात, तेही त्यांत किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन (आक्रमणाच्या पुढच्या फळीतले) असतील तरच. नसतील तर ४७. ‘आउट’ खेळाडू त्या ५३ मधली जागा अडवून ठेवतो. इंज्युअर्ड रिझर्व्हवर गेला की जागा मोकळी होते, पण त्याला किमान चार सामने बाहेर बसावं लागतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत परतेल असं वाटलं तर संघ जागा अडवून घेतो. पाच-सहा आठवडे लागणारा घोट्याचा वरचा मुरगळा असेल, तर रिझर्व्ह.

परतण्यावरही मर्यादा आहे. नियमित मोसमात एका संघाला रिझर्व्हवरून आठ जणांनाच परत आणता येतं. सराव सुरू केल्यापासून २१ दिवसांची मुदत असते. त्यात यादीत घेतलं नाही, तर तो खेळाडू त्या मोसमातून बाद. नोव्हेंबरपर्यंत यातल्या पाच-सहा परवानग्या खर्च झालेला संघ डिसेंबरात अडकतो, आणि प्रशिक्षक एखाद्या बऱ्या झालेल्या राखीव खेळाडूला सरावात का उतरवत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

तात्पुरती भर घालायला १६ जणांचा सराव-गट असतो. त्यातून दर सामन्याला दोघांना वर घेता येतं, पण एका खेळाडूला नियमित मोसमात तीनदाच. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला ५३ मध्ये कायम जागा द्यावी लागते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी काढावं लागतं.

प्रश्न : सौद्यांची मुदत संपल्यावर सोडून दिलेला चांगला अनुभवी खेळाडू थेट बलाढ्य संघाकडे का जात नाही?

चार मोसम पूर्ण केलेला खेळाडू मुदत संपण्याआधी सुटला तर लगेच मोकळा होतो. मुदतीनंतर मात्र प्रत्येकाला वेव्हरमधून, म्हणजे इतर संघांनी हक्क सांगण्याच्या प्रक्रियेतून, जावं लागतं, आणि तिथे पहिला हक्क सर्वात वाईट कामगिरीच्या संघाचा. हक्क सांगणाऱ्याला चालू करारही स्वीकारावा लागतो. २०२४ पासून ही मुदत नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी, पूर्व किनारपट्टीच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता संपते.

प्रश्न : टॅकल (चेंडू नेणाऱ्याला धरून पाडणं) चुकणं हा सवयीचा भाग आहे ना? मग ते मोसमाच्या मध्यावर सुधारत का नाही?

सुधारायला सरावच मिळत नाही. खेळाडू संघटनेशी झालेल्या करारानुसार नियमित मोसमात संरक्षक पॅड चढवून करायचे सराव फक्त १४, आणि त्यातले ११ पहिल्या अकरा आठवड्यांतच. शेवटच्या टप्प्यासाठी तीन उरतात. तेही पूर्ण वेगात माणूस खाली पाडण्यात कोणी घालवत नाही, कारण यादीत आधीच माणसं कमी असतात. सरावाच्या घरंगळत्या रिंगवर आणि गादीवर पावलांचा कोन घोटता येतो, अंगावर आलेल्या रनिंग बॅकची (चेंडू घेऊन धावणाऱ्याची) धडक घोटता येत नाही.

दुसरं कारण नेमणुकीचं. रनविरुद्ध प्रत्येक फटीला एक माणूस ठरलेला असतो. नवा लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) खेळ अर्धं पाऊल उशिरा ओळखतो, त्याची फट उघडी राहते, आणि ती भरायला सेफ्टी पंधरा यार्डांवरून धावत येतो. उघड्या मैदानात, पूर्ण वेगात, एकट्याने केलेला टॅकल चुकणारच. दिसतो सेफ्टी, पण चूक समोरच्याची असते. हेल्मेटमधून सूचना ऐकणारा, हिरव्या ठिपक्याचा लाइनबॅकर जायबंदी झाला की हे आणखी वाढतं, कारण प्ले क्लॉक (पुढचा डाव सुरू करायची उलटी मोजणी) १५ सेकंदांवर आला की आवाज तुटतो आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल त्यालाच ओरडून सांगावा लागतो.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर सामना पाहताना दोष चढाईचा की कव्हरेजचा, हे ओळखायचं कसं?

चेंडू हलल्यापासून मनात सेकंद मोजा. पास अडीच सेकंदांच्या आत सुटला आणि पूर्ण झाला, तर चढाईला दोष देऊ नका. रिसीव्हर सुरुवातीलाच मोकळा होता. तीन सेकंद उलटून गेले आणि क्वार्टरबॅकचे पाय अजून शांत असतील, तर दोष पुढच्या चौघांचा. इतका वेळ कोणताही कॉर्नर चिकटून राहू शकत नाही. मग किती जण चढले ते मोजा. पाच-सहा धाडूनही तो शांत उभा असेल, तर त्या संघाला सौद्यात कॉर्नर नको, रशर हवा.

थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) सात-आठ यार्ड हवे असताना कॉर्नर किती मागे उभा आहे तेही पाहा. दहा यार्ड मागे असेल, तर एक तर त्याला स्वतःच्या वेगावर भरवसा नाही किंवा मागे मदतीला सेफ्टी नाही. हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीतून नुकत्याच परतलेल्या कॉर्नरच्या बाबतीत पहिले दोन आठवडे हे हमखास दिसतं. स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका त्याच काळात सर्वाधिक असतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा समन्वयक पहिला लांब पास त्याच्याच बाजूला टाकून पाहतो. दुखापतींच्या शुक्रवारच्या अहवालात त्या कॉर्नरने पूर्ण सराव केला होता की मर्यादित, हे सामन्याआधी बघून ठेवा. बुधवारच्या नोंदीपेक्षा ती जास्त सांगते.