सात घरं, सात पडदे, एकच रेस

मे उजाडला की अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० या मोटारशर्यतीच्या जुन्या रेस मित्रमंडळींनी आपापल्या घरून, पण एकाच वेळी बघण्याविषयी पत्रं येतात. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आम्ही सात जण मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत विखुरलेले. १९९२ ची रेस यूट्यूबवर लावली आणि ग्रुप कॉल चालू ठेवला. पण दादरचा मित्र सगळ्यांच्या आधी ओरडायचा आणि शेवट आम्हाला त्याच्या तोंडूनच कळला. सगळ्यांचं चित्र एका वेळी कसं ठेवायचं? (मुलुंड)

त्या रेसमध्ये अल अन्सर ज्युनियरने स्कॉट गुडइयरला ०.०४३ सेकंदाने हरवलं. तोवरच्या इतिहासातला तो सर्वांत कमी फरक होता. तुमच्या पडद्यांमधला फरक दहा सेकंदांवर गेला असेल तर तेवढ्यात मोकळी धावणारी गाडी पाव लॅप पुढे जाते. तेव्हा दादरकरांचा काही दोष नाही.

चित्रं पुढेमागे होण्याची कारणं तीन-चारच असतात. पहिलं म्हणजे वेगवेगळ्या लिंक. एकाच रेसची अनेक अपलोड असतात. कुणी मूळ प्रक्षेपणातल्या जाहिराती कापलेल्या असतात, कुणी ठेवलेल्या, त्यामुळे एकाच्या १ तास १० मिनिटांवर जो लॅप दिसतो तो दुसऱ्याच्या १ तास २५ वर येतो. इंडीकार मालिकेच्या अधिकृत चॅनेलवर बऱ्याच जुन्या रेस पूर्ण आहेत. तिथली एकच लिंक ग्रुपवर टाका आणि बाकीच्या विसरा. दुसरं कारण यूट्यूबच्या मधल्या जाहिराती. त्या प्रत्येकाला वेगळ्या वेळी आणि वेगळ्या लांबीच्या लागतात. खरी गडबड इथेच होते, कारण सुरुवातीला जुळवून घेतलेलं पहिल्याच जाहिरातीत विस्कटतं. तिसरं, नेट अडखळून चित्र थांबणं. चौथं, टीव्हीवरचं अ‍ॅप. ते सुरू व्हायला लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ घेतं.

उपाय हाताने करायचा आहे, पण अवघड नाही. एकाला सूत्रधार करा. घड्याळ त्याचं, बाकी सगळे त्याच्याशी जुळवणार. सगळ्यांनी व्हिडिओ हिरवा झेंडा पडून रेस सुरू होण्याच्या साधारण एक मिनिट आधी, सूत्रधार सांगेल त्या सेकंदावर थांबवायचा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवायचा, म्हणजे पुढचा भाग लोड होतो. मग ‘तीन, दोन, एक, चालू’. सूत्रधाराचा आवाज इतरांपर्यंत थोडा उशिरा पोचतो, म्हणून त्याने ‘चालू’ म्हटल्यावर क्षणभर थांबून आपलं बटण दाबावं.

यापुढे दर यलोला (अपघातानंतरचा पिवळा झेंडा, तेव्हा सगळ्या गाड्या पेस कार नावाच्या गाडीमागे हळू चालतात) सूत्रधाराने ग्रुपवर आपली वेळ टाकायची: ‘यलो, १:१२:४०’. प्रत्येकाने आपली वेळ ताडून बघायची. पुढे असलात तर तेवढे सेकंद पॉज करा. मागे असलात आणि फरक मोठा असेल तर लॅपटॉपवर ‘एल’ची कळ दहा सेकंद पुढे नेते, उजवा बाण पाच सेकंद. फोनवर पडद्याच्या उजव्या कडेला दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद. फरक दोन-चार सेकंदांचाच असेल तर उड्या मारू नका. वेग १.०५ करा, मिनिटाला तीन सेकंद भरून निघतात आणि कॉमेंटेटरचा आवाजही फारसा बदलत नाही. भरून निघालं की वेग परत १ वर आणायला विसरू नका, नाहीतर पुढच्या यलोला तुम्हीच दादरकर व्हाल.

ब्राउझरमध्ये टेलीपार्टीसारखं एक्स्टेन्शन घातलं तर पॉज आणि प्ले सगळ्यांचं एकदम होतं. पण ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर हवं, घरचा टीव्ही त्यात येत नाही आणि जाहिराती तिथेही ज्याच्या त्याच्याच राहतात. सातातले दोघे जरी टीव्हीवर बघणार असतील तर वरची हातपद्धतच बरी.

एवढं करूनही अर्धा-एक सेकंद फरक उरतोच. म्हणून शेवटच्या दहा लॅपला सगळ्यांचे माइक बंद ठेवावेत. ओरडायचं असेल तर आपल्या घरात ओरडा, कॉलवर नको. कॉल चालू असताना हेडफोन प्रत्येकाने लावायलाच हवेत. टीव्हीचा आवाज माइकमध्ये शिरला की सात इंजिनांचा प्रतिध्वनी होतो आणि कुणालाच काही कळत नाही.

त्यापेक्षा एकानेच स्क्रीन शेअर केली तर? (विलेपार्ले)

वेळ जुळवण्याची कटकट संपते, पण चित्राची वाट लागते. व्हिडिओ कॉलचं तंत्र मुळात चेहरे आणि कागदपत्रं दाखवायला बनलेलं आहे. ३५० किलोमीटर वेगाची गाडी कॅमेऱ्यासमोरून गेली की नुसते ठोकळे दिसतात. झूममध्ये शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीचा पर्याय आणि आवाजाची खूण, दोन्ही चालू करा. मीटमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त टॅब शेअर करा, म्हणजे आवाज जातो. मोफत झूम ४० मिनिटांनी तुटतं आणि मोफत मीट तीन किंवा जास्त जण असतील तर तासाने. १९९२ ची रेस ३ तास ४३ मिनिटं चालली, म्हणजे झूमवर सहा वेळा जोडावं लागेल. डिस्कॉर्डला अशी वेळेची अट नाही. मोफत खात्यात ७२० पी आणि सेकंदाला ३० फ्रेम मिळतात. शेअर करणाऱ्याचं नेट अपलोडला दमदार हवं. इमारतीतल्या केबलवाल्याच्या कनेक्शनवर डाउनलोड छान आणि अपलोड रडकं असं बऱ्याचदा असतं, तेव्हा आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघा.

जुनं चित्र मुळातच धुरकट. मग ४८० पी वर बघितलं तर काय बिघडलं? डेटाही वाचतो. (घाटकोपर)

डेटा वाचतो हे खरं. ४८० पी ला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, म्हणजे चार तासांना दोन जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये शेवटचे पन्नास लॅप अडकतील, दोन जीबीवाल्याचं कसंबसं निभेल. ७२० पी ला याच्या दुप्पट-तिप्पट धरा आणि वायफायवरच बघा.

मुद्दा मात्र रेषांपेक्षा फ्रेमचा आहे. जुनं अमेरिकी प्रक्षेपण सेकंदाला जवळजवळ ६० अर्ध्या चित्रांचं असे. चांगल्या अपलोडमध्ये त्या साठाच्या साठ जपलेल्या असतात, पण यूट्यूब ६० फ्रेम ७२० पी पासून पुढेच देतं. खाली उतरलात की ३०. सेटिंगमध्ये ७२० च्या पुढे ६० लिहिलेलं दिसलं तर तेच घ्या. वळणात घुसणारी गाडी सरळ सरकताना दिसेल, धक्के खात नाही.

शेवटची रेष फ्रेम-फ्रेमने बघायची असेल तर आणखी फरक पडतो. लॅपटॉपवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाच्या कळेने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाच्या कळेने एक मागे जाता येतं. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ०.०३३ सेकंदाची. अन्सर-गुडइयरमधला अख्खा फरक एका फ्रेमपेक्षा थोडा जास्त, म्हणजे मोजायला काही उरतच नाही. ६० फ्रेममध्ये तोच फरक अडीच फ्रेम होतो.

चित्र चौकोनी असतं. टीव्हीवर ते ताणू नका आणि झूमही करू नका, वरखालची आकड्यांची पट्टी कापली जाते.

चार तास सलग बसवत नाही. मध्ये उठायचं कधी? (परळ)

१९९२ च्या रेसमध्ये ही अडचण येऊच नये. २०० लॅपमध्ये १३ यलो होते आणि ८५ लॅप पेस कारच्या मागे गेले. दिवस कमालीचा थंड होता. टायर गरम होईनात आणि थंड टायरला पकड नसते, त्यामुळे रीस्टार्टनंतर गाड्या भिंतीला लागत राहिल्या. पोल पोझिशनवरचा, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरचा, रोबेर्तो गरेरो तर रेस सुरू व्हायच्या आधीच, पेस कारमागच्या फेरीत टायर तापवताना फिरला आणि बाद झाला. यलो लागला की आधी दोन मिनिटं बसा. कोण इंधन-टायरसाठी पिटमध्ये गेलं आणि कोण बाहेर राहिलं ते बघा, कारण पुढचे तीस लॅप त्यावर ठरतात. मग चहा टाका.

हिरव्या झेंड्याखालच्या लांब टप्प्यात इंधनाचं गणित धरा. त्या काळी टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५१ लिटरची असे. पूर्ण वेगात ती २८ ते ३० लॅप पुरायची. शेवटच्या पिट स्टॉपनंतर आठ-दहा लॅप झाले की उठायला हरकत नाही. बावीस लॅप झाल्यावर मात्र उठू नका.

आणि १५० लॅपनंतर अजिबात नाही. मायकेल अँड्रेटीने त्या दिवशी १६० लॅप आघाडी घेतली होती आणि १८९ व्या लॅपला इंधनपंपाने दगा दिला. त्या अकरा लॅपसाठीच तर ही रेस पुन्हा पुन्हा लावतात.

मुलगा रविवारभर हे लावून बसतो. मलाही त्यांच्यात बसायचंय, पण गाड्या गोल गोल फिरण्यात बघायचं काय ते कळत नाही. (गिरगाव)

पुढच्या गाडीकडे बघू नका, दुसऱ्या नंबरच्या गाडीकडे बघा. सगळी रेस तिच्यात असते.

महालक्ष्मीचं रेसकोर्स साधारण २,४०० मीटरचं. इंडियानापोलिसचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, ४ किलोमीटरचा, दोन बाजू एक-एक किलोमीटर सरळ, दोन छोट्या बाजू दोनशे मीटरच्या आणि चार वळणं. वळणांचा उतार ९ अंशांच्या थोडा वर, म्हणजे फार नाही. मागची गाडी पुढच्या गाडीच्या आडोशात आली की तिला हवा कमी अडवते आणि सरळ रस्त्यावर ती ओढली जाते. याला ड्राफ्ट म्हणतात. पण वळणात तीच कमी हवा शत्रू होते. पुढच्या पंखावर हवेचा दाब पडत नाही, नाक वळत नाही आणि गाडी भिंतीकडे सरकते. म्हणजे जवळ राहायचं तर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागतो, आणि पाय उचलला की अंतर पडतं. मागचा ड्रायव्हर चौथ्या वळणातून पाय न उचलता बाहेर आला, तर सरळ रस्त्यावर काहीतरी घडणार हे ओळखा. गुडइयरने शेवटच्या लॅपला तेच केलं. तो सुरू झाला होता ३३ व्या, म्हणजे सगळ्यात शेवटच्या जागेवरून.

ड्रायव्हरच्या डोक्यामागचा कॅमेरा लागला की हातांकडे बघा. उजवीकडचा मागचा टायर डावीकडच्यापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा उजवीकडे धरलेलं दिसेल.

पिटमध्ये माणसं काही कारण नसताना हातपाय झाडताना किंवा एकमेकांवर पाणी ओतताना दिसली तर तिथे आग आहे. त्या काळचं इंधन, मिथेनॉल, उजेडात दिसेल अशी ज्वाळा देत नाही. १९८१ मध्ये रिक मिअर्सच्या पिटमध्ये असंच झालं होतं.

आणि थोडं घरगुती. १९९२ ला जिंकला अल अन्सर ज्युनियर, तिसरा आला त्याचा बाप अल अन्सर आणि टीव्हीवर कॉमेंट्री करत होता काका बॉबी अन्सर. बाप चार वेळचा विजेता, काका तीन वेळचा. शेवटचे लॅप कॉमेंट्रीकडे कान देऊन ऐका.

१९८२ ची रेस लावली तर मधले लॅपच गायब. अपलोड खराब आहे का? (माहीम)

अपलोड ठीक असावं. १९८६ च्या आधी अमेरिकेत ही रेस देशभर टीव्हीवर थेट दाखवत नसत. १९८२ च्या सुमारास त्याच दिवशी रात्री कापून-जोडून दाखवायचे, म्हणून १९८५ आणि त्याआधीच्या टीव्ही प्रक्षेपणात २०० लॅप सापडणारच नाहीत. सलग हवी असेल तर रेडिओचं रेकॉर्डिंग शोधा, ती कॉमेंट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत असते. गॉर्डन जॉनकॉक आणि रिक मिअर्स यांच्यातला ०.१६ सेकंदाचा शेवट टीव्हीवर बघा आणि मधला भाग रेडिओवर ऐका. दोन्ही एकदम लावून जुळवायचा हट्ट धरू नका, प्रत्येक कापलेल्या जागी पुन्हा जुळवावं लागेल.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवावी का? (भांडुप)

यूट्यूबची परवानगी वैयक्तिक बघण्याची आहे. हॉलमध्ये लोक जमवून दाखवणं त्यात बसत नाही, वर्गणी काढून तर नाहीच. घरी चार मित्र बोलवा.

इंडियानापोलिसला कुणी भारतीय धावला आहे का? आमच्या ग्रुपला तीच रेस बघायची आहे. (चेंबूर)

नरेन कार्तिकेयन, १९ जून २००५, पण फॉर्म्युला वनमध्ये. ती रेस ओव्हलच्या आतल्या वळणावळणांच्या रस्त्यावर, उलट्या दिशेने झाली. ओव्हलचं फक्त एक उतरतं वळण तिच्यात येत होतं आणि त्याच वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. १४ गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर पिटमध्ये परतल्या, धावल्या फक्त सहा. जॉर्डन संघातून कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. रेस म्हणून ती रटाळ आहे. ग्रुपवर लावायची तर सुरुवातीची वीस मिनिटं आणि शेवट पुरे. उरलेल्या वेळात २००६ ची इंडी ५०० लावा. तिथे सॅम हॉर्निश ज्युनियरने मार्को अँड्रेटीला शेवटच्या सरळ रस्त्यावर ०.०६३५ सेकंदाने गाठलं. नवख्यांसाठी आम्ही १९९२ च्याही आधी हीच सुचवू, यलो कमी आणि शेवट तितकाच चुरशीचा.

निकाल माहीत नसलेल्याला तो कळू नये म्हणून काय करायचं? (अंधेरी)

लिंक त्याला शोधायला लावू नका, पाठवा. व्हिडिओ उघडताच पूर्ण स्क्रीन करायला सांगा, म्हणजे बाजूच्या सुचवण्या आणि खालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत. फोनवर ऑटोप्ले बंद.

मूळ रेस सुरू झाली त्याच वेळी लावायची म्हणतोय. भारतात किती वाजले असतील? (दहिसर)

१९९२ ची रेस तिथल्या घड्याळात सकाळी ११ ची. इंडियानात तेव्हा उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नसत, त्यामुळे फरक साडेदहा तासांचा आणि आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. २००६ पासून तिथेही घड्याळं पुढे करतात, म्हणून हल्लीच्या रेसला साडेनऊ तासच धरा. दुपारी पाऊणची सुरुवात असेल तर आपल्याकडे सव्वादहा. साडेनऊला १९९२ लावलीत तर सव्वा वाजून जाईल, जाहिराती धरल्या तर दीड. सोमवारी ऑफिस असेल तर संध्याकाळी साडेपाचला सुरू करा.