एका कृमीला तीन नावे कशी? सागरी शूकधारी कृमींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : किनाऱ्याच्या गाळात राहणाऱ्या एका मोठ्या कृमीला एका पुस्तकात नेरीस व्हायरेन्स म्हटले आहे, दुसऱ्यात निअँथिस व्हायरेन्स आणि हल्लीच्या याद्यांत अलिटा व्हायरेन्स. खरे नाव कोणते?

आज अलिटा व्हायरेन्स लिहावे. तिन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत. नॉर्वेच्या सार्स यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा नेरीस ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट; नावाचे पहिले पद तिचे, दुसरे जातीचे) म्हणजे मोठे गोदाम होते. जबडे आणि बाजूचे पाय असलेले बरेच कृमी तिथेच टाकले जात. पुढे सोंडेवरच्या बारीक दातांची मांडणी आणि पायांच्या पाळ्यांचा आकार पाहून त्या प्रजातीचे भाग पडत गेले. व्हायरेन्सच्या पायांच्या पाठीकडच्या पाळ्या पानासारख्या रुंद असतात. या सगळ्या फेरफारात दुसरे पद मात्र हलले नाही, कारण सर्वांत आधी दिलेले नाव टिकवणारा अग्रक्रमाचा नियम त्याला धरून ठेवतो. जातीची प्रजाती बदलली की मूळ लेखकाचे नाव कंसात जाते. म्हणून यादीत ‘(सार्स, १८३५)’ असे दिसले, तर हा प्राणी आधी दुसऱ्या प्रजातीत होता असे खुशाल समजा. जुने साहित्य शोधताना हा कंस फार उपयोगी पडतो.

प्रश्न : ॲनेलिडा, म्हणजे वलयांकित कृमींच्या संघाचे पॉलिकीटा, ऑलिगोकीटा (गांडुळे वगैरे) आणि हिरुडिनिया (जळवा) असे तीन वर्ग आम्ही शिकलो. आता हे चुकीचे आहे असे ऐकतो.

हो, वंशावळ म्हणून ते टिकत नाही. पॉलिकीटा हे नाव ग्रूबे यांनी १८५० मध्ये दिले आणि त्यात गांडुळे व जळवा वगळून बाकीचे शूकधारी, म्हणजे अंगावर राठ केसांसारखे शूक असलेले, कृमी आले. जनुकांच्या तुलनेतून दिसते ते असे, की गांडुळे आणि जळवा या पॉलिकीटांच्याच एका फांदीवर उगवल्या आहेत. म्हणजे त्यांना बाहेर ठेवून पॉलिकीटा हा नैसर्गिक गट होऊच शकत नाही.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती एरँशिया आणि सेडेंटॅरिया या जोडीची. भटके आणि एका जागी राहणारे अशी ही एकोणिसाव्या शतकातली विभागणी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती केवळ सोयीची, नात्याचा पुरावा नसलेली म्हणून बाजूला पडली. २०११ मध्ये स्ट्रक आणि सहकाऱ्यांनी शेकडो जनुके एकत्र तपासली, तेव्हा हीच दोन नावे थोड्या बदललेल्या आशयासह परत आली. गांडुळे आणि जळवा सेडेंटॅरियात बसल्या. एकेकाळी स्वतंत्र संघ मानलेले सायपुन्क्युला आणि एकियुरा हे वलये नसलेल्या सागरी कृमींचे गटही आता ॲनेलिडातच आहेत.

खोल समुद्रातल्या नळीत राहणाऱ्या, तोंड आणि आतडे नसलेल्या पोगोनोफोरांची कथा तर नमुना पूर्ण असणे किती महत्त्वाचे ते सांगते. त्यांच्या शरीराचे मागचे टोक नेहमी तुटून नळीच्या तळाशी राहत असे, म्हणून संशोधकांच्या हाती अर्धवट प्राणी येत. १९६४ मध्ये ते टोक मिळाले आणि त्यावर वलये होती, शूक होते. आज हा एके काळचा संघ सिबॉग्लिनिडी या एका कुळात सामावला आहे. उष्ण झऱ्यांजवळची प्रचंड रिफ्टिया त्याच कुळातली.

‘पॉलिकीट’ हा शब्द मात्र सोडू नका. सर्वांना कळणारे नाव म्हणून तो चालतो, आणि अनेक याद्यांत वर्ग म्हणूनही अजून टिकून आहे.

प्रश्न : दगडाखाली सापडलेल्या कृमीचा फोटो पाठवला आहे. जाती सांगाल का?

फोटोवरून फार तर कुळ सांगता येईल. तुमच्या कृमीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या शूकांचे झुबके दिसतात, त्यामुळे तो ॲम्फिनोमिडी कुळातला असावा. त्याला उघड्या हाताने शिवू नका; हे शूक ठिसूळ असतात, कातडीत मोडतात आणि आग होते. जातीसाठी एक पाय कापून ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली शूक एकसंध आहेत की सांध्याचे, टोक दुभंगलेले आहे की दातेरी, हे पाहावे लागते.

प्रश्न : कॅपिटेला कॅपिटाटा जगभरच्या प्रदूषित गाळात आढळतो असे वाचले. एकच जाती इतकी पसरते?

बहुतेक वेळा नाही. १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने विकरांची (एन्झाइमांची) तुलना करून दाखवले, की या एका नावाखाली किमान सहा जाती दडल्या होत्या. दिसायला जवळजवळ सारख्या, पण अंड्यांचा आकार आणि प्रजननाची रीत वेगळी. त्यांपैकी प्रयोगशाळेत खूप वापरल्या जाणाऱ्या जातीला २००९ मध्ये कॅपिटेला टेलेटा हे स्वतंत्र नाव मिळाले. कॅपिटाटाचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७८० मध्ये ग्रीनलंडच्या प्राण्यांवरून केले होते, म्हणून नाव पक्के करण्यासाठी नवा आधारनमुनाही (जातीचे नाव ज्याच्याशी जोडलेले असते तो जपून ठेवलेला नमुना) तिथूनच निवडला गेला. उष्ण कटिबंधातल्या गाळातून आलेल्या कृमीवर हे नाव लावण्याआधी थांबावे. हीच काळजी स्पायरोब्रँकस जायगँटियसबद्दल घ्या. प्रवाळावर नाताळच्या झाडासारखे पिसारे फुलवणारा हा कृमी कॅरिबियनचा, पण हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या त्याच्या नातेवाइकांच्या फोटोंखालीही सर्रास हेच नाव दिसते.

प्रश्न : नर आणि मादी यांना वेगळ्या प्रजातींची नावे पडली होती, हे खरे का?

खरे आहे. ऑटोलायटस या सागरी शूकधारी कृमींच्या गटात नरांना पॉलिबोस्ट्रिकस आणि माद्यांना सॅकोनेरीस म्हणत. प्रजननाच्या वेळी पोहण्यासाठी रूप बदललेल्या नेरीसांना हेटरोनेरीस ही प्रजाती मिळाली होती. त्यांचे डोळे मोठे होतात आणि मागचे पाय वल्ह्यांसारखे पसरतात, त्यामुळे हा वेगळाच प्राणी आहे असे कुणालाही वाटेल.

प्रश्न : माझ्याकडे नवी जाती आहे असे वाटते. पुढे काय करू?

आधी जवळच्या जातींचे आधारनमुने किंवा त्यांची सविस्तर वर्णने पाहा. काही नमुने फॉर्मॅलिनमध्ये आणि काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे अंगरचना आणि जनुके दोन्ही तपासता येतील. २००० सालापासून नव्या जातीच्या वर्णनात आधारनमुना स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार तेही लिहावे लागते. शोधनिबंध केवळ ऑनलाइन येणार असेल, तर प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंद करा. नोंदीशिवाय ते नाव ग्राह्य धरले जात नाही.