सुमुरूला जग कशासाठी हवं होतं?

अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. जग ताब्यात घ्यायला निघालेली बायकांची गुप्त संघटना, मागावर दोन हेर, आणि गाठीला जेमतेम पैसे. एवढ्यात निभेल का, असं विचारलंस. निभेल. पण तुझी खरी अडचण पैशांची नाही. ती कळावी म्हणून १९६७ चा ‘द मिलियन आईज ऑफ सुमुरू’ हा सिनेमा बघ. त्यातली सुमुरूही अशाच संघटनेची म्होरकी.

निर्माता हॅरी ॲलन टॉवर्स, दिग्दर्शक लिंडसे शाँटेफ. टॉवर्सकडून काटकसर जरूर शीक. हाँगकाँगला शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओशी त्यानं हातमिळवणी केली आणि त्याच सुमारास तिथेच फू मांचू या खलनायकाचाही एक सिनेमा उरकला. बंदर, बोटी, गर्दीचे रस्ते आयते मिळाले. सेटवर तेवढा खर्च वाचला. तुझ्या गावाजवळ काय आयतं आहे ते आधी हिंडून बघ, मग प्रसंग लिही. सुमुरूकडे माणसाचा दगड करणारी बंदूक आहे. असल्या हत्याराला तुला काय लागेल? रोखलेला हात, कट, आणि समोर पुतळा. प्रेक्षक एवढ्यावर विश्वास ठेवतात, मात्र कट नेमक्या फ्रेमवर पडायला हवा. तुझा धरणाचा स्फोट काढून टाक.

आता मुख्य मुद्दा. सुमुरू झालीय शर्ली ईटन. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटामध्ये अंगभर सोनेरी रंग फासलेली तीच, तिथे तिचा आवाजही दुसरीनं दिला होता. इथे तिच्या हाती अख्खं साम्राज्य आहे आणि ती उभी राहते तेव्हा हुकमत दिसते. बेतही पक्का: सत्ताधारी पुरुषांच्या शेजारी आपल्या बायका नेऊन बसवायच्या आणि त्यांच्याकरवी राज्य करायचं. पण हे सगळं तिला कशासाठी हवंय? सिनेमा त्या वाटेला जातच नाही. पुरुषांचा द्वेष म्हटलं की काम झालं! १९६९ मध्ये जेस फ्रँकोनं रिओला पुढचा भाग केला, बायकांचं स्वतंत्र नगर दाखवलं, तरी उत्तर नाहीच. ईटननं त्यानंतर संसारासाठी अभिनय सोडला. एवढी ताकदीची बाई, आणि तिच्या तोंडी एक धड युक्तिवाद नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

तुझी नायिका (हो, मी तिला नायिकाच म्हणणार) तशीच अडकलीय. सत्ता मिळाल्यावर पहिल्या सकाळी ती कोणता हुकूम काढेल? संघटनेचा हिशेब कोण ठेवतं? नवी आलेली मुलगी तिला विचारते, ‘माझ्या भावाचं काय करणार?’ हा प्रसंग लिही. एक खोली, दोन बायका, एक दिवा. दाराआडून हेर ऐकतोय आणि त्याच्याकडे उत्तर नाही. हेर हसला की पहारेकरीण विरघळते, ती चार पानं मात्र फाड. त्यात तुझाच तिच्यावर विश्वास दिसत नाही.

नवा खर्डा दिवाळीआधी पाठव. त्या मुलीला नाव दे.